कांगमास, बेजो आता चावत नाही

मलांग,
जुलैचा दुसरा आठवडा

वडीलबंधू कांगमास पुर्वादी यांना धाकट्या लस्त्रीचा पायाला हात लावून सलाम.

मी इकडे मजेत आहे. तिकडे ब्लोराला तुम्ही, वहिनी म्बाक्यू सिती आणि तुमचा कवडा असे तिघंही खुशाल असाल असं धरून चालते. तुमच्या अंगठ्याची सूज उतरली का? म्बाक्यूंचे गुडघे आपल्याकडच्या या जुलैच्या थंडीत फार धरत नाहीत ना? आणि कवडा पहाटे पूर्वीसारखा घुमतो का? (इकडे याल तेव्हा त्याला मात्र बरोबर आणू नका. तसं काही विशेष कारण नाही.)

पत्र लिहिते आहे ते एवढ्याचसाठी, की येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी घरी लहानशी दुवा आणि जेवण ठेवलं आहे आणि त्याला तुम्ही यायलाच हवं. मागच्या ईदेच्या आधीच्या ईदेला फाटकात उभं राहून तुम्ही जे बोललात, "या घरात एक तर ते जनावर राहील, नाहीतर माझं पाऊल पडेल!", ते मी विसरलेले नाही. गल्लीतही कुणी विसरलेलं नाही. पण कांगमास, रागात बोललेलं माणूस मागे घेतं, आणि ज्याच्यामुळे तुम्ही ते बोललात तो बेजो आता पार बदलला आहे. तो चावत नाही. म्हणजे उगाच चावत नाही.

त्या दिवशीही त्याचा दोष नव्हता, हे आज शांतपणे सांगते. तुमचा भाचा गिलांग जपानला म्हाताऱ्यांची सेवा करायच्या नोकरीवर निघाला तेव्हा आपला हा अजगर, बेजो, माझ्या गळ्यात टाकून गेला (गळ्यातच, विमानतळावर निघताना फोटो काढायचा होता). जाताना सांगून गेला होता, की कात टाकायची वेळ आली की त्याला पाण्यात बसू दे, कात मऊ पडते. आता एवढं मोठं पाणी माझ्या घरात न्हाणीघराच्या हौदाशिवाय कुठे आहे? तुम्ही पहाटेच्या नमाजाआधी आंघोळीला जाल हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, कबूल. पण तीस वर्षं सागाच्या जंगलात नोकरी केलेला माणूस, पहिला तांब्या अंगावर घेऊन झाल्यावर दुसरा भरताना तांब्याला काहीतरी जड लागलं, तर वाकून नीट बघेल असं मला वाटलं होतं. तुम्ही बघितलंत, आणि मग जे धावलात ते पंचा सावरत थेट शेजारच्या बु यातींच्या अंगणात. तिथे बायका कुराणपठणाला जमलेल्या असतील हे बेजोला कसं ठाऊक असणार? त्या बायका अजूनही तुमची आपुलकीने चौकशी करतात.

तर बेजोविषयी. यंदा इकडे थंडी कोरडी पडली आहे, ओठ फुटतात. अशा हवेत कात धड निघत नाही. आधी अंगावरची नक्षी मळकट होते, मग डोळे दुधाळ होतात. गिलांगने फोनवर बजावलं होतं, "इबू, डोळे असे झाले की त्याला दिसत नाही. त्या दिवसांत हात नको लावूस. तो घाबरतो, आणि घाबरला की..."

"की काय?"

"काही नाही. त्याने ताप वगैरे येत नाही, इबू."

मी हात लावायला गेलेच नव्हते. फक्त पाण्याचं भांडं बदलायला गेले. सकाळची वेळ, दुकानात सोतोचा रस्सा उकळत होता, आणि मी नुकत्याच कोंबड्या साफ करून उठले होते. हात नीट धुतले होते असं मी सगळ्यांना सांगते. बेजोचं मत वेगळं पडलं. त्याने उजवा हात मनगटापर्यंत धरला आणि कोपरापर्यंत दोन वेढे घातले. मी ओरडले नाही, कारण बाहेर गिऱ्हाईक बसलं होतं. तशीच हाताला अडीच मीटरचा बेजो घेऊन दुकानात आले, कुणीतरी काहीतरी करेल म्हणून. अर्धे लोक पैसे न देता गेले. जे राहिले त्यांत गल्लीच्या टोकाचे शिंपी पाक तुगिमान होते. त्यांनी आधी वाडगं संपवलं (खरं ते सांगावं) आणि मग जवळ आले.

"बु लस्त्री, ओढू नका. त्याचे दात आत वळलेले असतात."

"मी कुठे ओढतेय! तोच ओढतोय!"

"मग नुसत्या उभ्या राहा. एखादं गाणं म्हणा."

"सापाला गाणं?"

"सापाला नाही, तुम्हाला. तुम्ही थरथरताय."

मी गाणं म्हटलं नाही. पण त्यांनी खुर्ची आणली, बेजोची शेपटी आपल्या मांडीवर घेतली आणि माझ्याशी काजं-बटणांविषयी बोलत बसले. तेवढ्यात कोपऱ्यातला एक जण म्हणतो, "बु, लिंबू राहिलं." मी डाव्या हाताने लिंबू दिलं, तर त्याने तोंड वाकडं केलं! उजव्या हाताला अजगर लटकलेला दिसतोय, तरी डाव्या हाताने दिलेलं चालत नाही. जग कुठे चाललंय, कांगमास. थोड्या वेळाने बेजोनेच कंटाळून हात सोडला. पाक तुगिमान म्हणतात, त्यांच्या शांत बोलण्यामुळे सोडला. मी काही वाद घातला नाही.

स्वप्नात साप चावला की स्थळ येतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. बु याती हाताची पट्टी बघायला आल्या आणि त्यांनी निवाडाच दिला, "स्वप्नात चावला तर वर्षभरात येतं. तुला तर जागेपणी चावलाय, बाई. म्हणजे गल्लीतच आलं असणार!" सगळ्या जणी हसल्या. मीही हसले. त्रेपन्नाव्या वर्षी माणूस आणखी काय करणार?

त्यानंतर पाक तुगिमान रोज दुपारच्या नमाजानंतर येऊ लागले, बेजोच्या कातीसाठी. ते रविवारी चौकात जमणाऱ्या सापवाल्या मंडळींतले आहेत, त्यांना यातलं कळतं. (डोक्याकडे मात्र मला बसवतात.) कात या खेपेला तुकड्यातुकड्यांनी निघत होती, जुन्या भिंतीचे पोपडे निघावेत तशी, आणि एका डोळ्यावरचा पापुद्रा निघतच नव्हता. तो ओढून काढला तर डोळा जातो म्हणतात. मग आम्ही काय केलं, तर कोमट पाण्यात भिजवलेला जाड टॉवेल दोघांच्या मध्ये धरायचा आणि बेजोला त्यातून सरकू द्यायचं. तो एका टोकाने शिरायचा, दुसऱ्या टोकाने बाहेर यायचा, पुन्हा शिरायचा. आम्ही दोघं समोरासमोर बसून टॉवेल धरून. दुसरं काही करता येत नाही, म्हणून मग बोलणं होतं. त्यांची बायको जाऊन किती काळ झाला, तिला माझा सोतो आवडायचा, घरात एकटं जेवताना ते रेडिओ का लावतात, असलं काहीबाही. एके दिवशी तो पापुद्रा आपोआप टॉवेलला चिकटून निघाला. बेजोने माझ्याकडे बघितलं आणि, कांगमास, मला रडू आलं. हे गेल्यापासून आणि गिलांग जपानला गेल्यापासून या घरात माझ्याकडे बघणारं कुणी नव्हतं. तुम्हीही येत नव्हतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, हे आज लिहूनच टाकते.

असो. तेव्हापासून बेजो गायीसारखा गरीब आहे. मीटर बघायला येणाऱ्या माणसाला चावला ते फक्त बुटाला. बु यातींचा कोंबडा नाहीसा झाला त्याचा बेजोशी संबंध अजून कुणाला जोडता आलेला नाही. (त्या दिवसापासून पुढे बरेच दिवस त्याने काही खाल्लं नाही, एवढं मात्र खरं.) तुम्ही आलात की तो आपल्या पेटीत राहील, पेटीला कुलूप राहील, आणि किल्ली तुमच्या खिशात. न्हाणीघर आधी मी स्वतः तपासून देईन.

म्बाक्यूंना सलाम. त्यांच्या हातचं सागाच्या पानातलं भातजेवण आठवतं. येताना थोडी पानं आणा. माझ्याकडून काही चुकलं असेल तर मोठ्या मनाने माफ करा.

तुमची धाकटी बहीण,
लस्त्री

ता. क. – दुवा कशाची ते लिहायचं राहिलं. लग्नाची आहे. माझ्या. पाक तुगिमान यांच्याशी. गिलांगला फोनवर सांगितलं तेव्हा त्याने आधी तारीख लिहून घेतली. मग म्हणाला, "त्यांना बेजो चालतो का?" चालतो म्हटलं. "मग माझी काय हरकत असणार, इबू," म्हणाला.

ता. क. – आपले बापाक गेले, आता निकाहात मला हवाली करणारा वाली तुम्हीच. निकाह लावणारे साहेब म्हणतात, भाऊ येत नसेल तर सरकारी वाली देता येतो, अर्ज करा. मी अर्ज केलेला नाही. माझा भाऊ जिवंत असताना मला कुणा परक्या साहेबाने हवाली केलेलं नको आहे. घरात पाऊल टाकायचं नसेल तर टाकू नका. मी विचारून ठेवलं आहे, निकाह अंगणात, अगदी फाटकाबाहेर रस्त्यावरही चालतो. तिथे मांडव घालू. पण या.

ता. क. – पाक तुगिमान यांच्या घरी फक्त एकच अजगर आहे. दुसरा त्यांच्या मित्राचा आहे, तो मित्र बरीच वर्षं न्यायला आलेला नाही. लग्नानंतर ते सगळे माझ्याकडे राहतील.

ता. क. – शेवटचं. निकाहाचे शब्द म्हणताना तुम्हाला त्यांचा उजवा हात हातात धरावा लागेल. परवा लग्नात घालायच्या माझ्या कबायाचं माप घेऊन झाल्यावर ते हौसेने बेजोचंही माप घ्यायला गेले. बेजोचे डोळे पुन्हा दुधाळ झाले आहेत. तीन बोटांना टाके आहेत, तेवढा हात जरा हलके धरा. पण सगळं म्हणून होईपर्यंत सोडू नका.