टँकरला हळदकुंकू

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

आज सुनेनं टँकरला हळदकुंकू लावलं. डोळ्यांपुढून हलत नाही ते.

आमच्यात बाळंतीण सव्वा महिन्यानं आड पुजते, मगच पाणी भरायला लागते. पण गल्लीत आड राहिलाय कुठं? लातूर जिल्हा झाला, रस्ता रुंद करायचा ठरला, तेव्हाच तो बुजवला. त्या अर्जावर पहिली सही माझी. मास्तर म्हणून लोकांनी मला विचारलं, तर मी म्हणालो, जिल्ह्याच्या गावाला आड शोभत न्हाई, आता नळ येतेत.

नळ आले. यंदाच्या दुष्काळात त्यातून नुसती हवा फुसफुसते.

सून हळदकुंकू घेऊन टँकरपाशी गेली, तशी घागरींची रांग मागं सरली. ड्रायव्हरनं चपला काढल्या. "सावकाश पुजा ताई, म्या थांबतो."

पूजा झाल्यावर तिनं मला विचारलं, "मामंजी, आड नेमका कुठं होता हो?"

जन्मभर त्याचं पाणी पिलो, अन् जागा ध्यानात येईना. अंदाजानं रस्त्याकडं बोट दाखवलं. ती तिकडं वाकून पाया पडली.

मागाहून आठवलं, कोपऱ्यावरच्या लिंबापासून वीस पावलांवर आड होता; आत्ता मोजून आलो. जागा चुकीचीच दाखवली. तिला सांगू कसं?