नदीचा तुकडा

१३ फेब्रुवारी १९७७, रविवार
मशीन चाललं! ह्यांनी हैदराबादेहून आणलेला जुना प्रोजेक्टर महिनाभर उघडून ठेवला होता. एसटी डेपोत फिटर आहेत, अख्ख्या बसचं इंजिन उतरवतात, पण हे एवढंसं यंत्र दाद देत नव्हतं. आज भरदुपारी खिडक्यांना गोधड्या लावल्या आणि भिंतीवर माणसं चालायला लागली.

पिक्चर मूकपट, पन्नास वर्षांपूर्वीचा. आता त्याला कुणी धनी राहिला नाही म्हणे – कुणीही छापावा, घरी बघायला म्हणून विकावा. मुंबईच्या विक्रेत्याने अख्खा पिक्चर वीस मिनिटांत उरकलाय. चेहरे पिठात बुडवल्यासारखे. मधल्या मराठी पाट्या काढून इंग्रजी घातल्यात. राजा रडतो की रागावतो, कळत नाही. तरी दोनदा बघितला!

दुसऱ्या खेपेला सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पांढरा घोडा दिसला तशा हळूच म्हणाल्या, "ह्यो तर आमचा हिऱ्या."

१४ फेब्रुवारी
ज्वारी निवडता निवडता सासूबाईंनी सगळं सांगितलं. माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली, पण ह्यातलं एक अक्षर बोलल्या नव्हत्या! त्यांचे वडील घोड्यांच्या व्यापाऱ्याकडे कामाला. त्याच्यासंगे पुण्याला गेले तेव्हा आठ वर्षांच्या लेकीलाही नेलं. तिथे सिनेमा कंपनीने घोडा घेतला. हिऱ्या परक्याला पाठीवर बसू देईना, म्हणून लेकीलाच बसवलं आणि नदी पार करायला लावली.

"पानी हितवर आलतं," म्हणून छातीला हात लावला. "पडले न्हाई."

आमच्या भिंतीवर घोडा नदीकडे जातो, आणि लगेच राजवाडा येतो. नदीच नाही.

१५ फेब्रुवारी
विक्रेत्याला पत्र टाकलं. नदी कुठे गेली ते विचारलं.

२ मार्च
उत्तर आलं. तुमची प्रत आखूड आहे, प्रत्येक विक्रेता आपल्या सोयीने कापतो, विचारणारं कुणी नाही. दुसऱ्या एकाची लांब प्रत आहे, दुसऱ्याच नावाने विकतात. पत्ता दिलाय. भला माणूस! आजच मागवली.

१२ मार्च
स्टेशनवरून पार्सल आणलं. ह्या प्रतीत पाट्या मराठी, चेहरे स्वच्छ, पण सुरुवात गायब. मग दोन्ही प्रती खाटेवर पसरून बसलो. हे ब्लेडने कापत होते, मी चिकटवत होते. बोटं अजून चिकट आहेत. नदीचा तुकडा उजेडात धरला तर त्यात बारकं काहीतरी दिसलं – काळा ठिपका, घोड्यावर. सासूबाईंना मुद्दाम सांगितलं नाही.

१३ मार्च, रविवार
पुन्हा गोधड्या. घोडा पाण्यात उतरला. पाठीवर झिपऱ्यांची पोरगी, आयाळ गच्च धरलेली, आणि हसतेय!

तुकडा संपल्यावर सासूबाई म्हणाल्या, मागं घ्या. चारदा मागे घेतला. मग सांगितलं. कंपनीच्या माणसाने तेव्हा वडिलांना कळवलं होतं, पोरीचा भाग चांगला आला नाही, कापून टाकला. म्हणून वडिलांनी पिक्चर कधी दाखवलाच नाही.

"पन्नास वर्सं मला वाटत व्हतं, मी बिघडवलं," म्हणाल्या. "आता बघा की. किती बराबर बसलेय."

आणि हसायला लागल्या. मलाही हसू आवरेना, ह्यांचे मात्र डोळे भरले.

२६ मार्च
मुंबईच्या विक्रेत्याला सगळं कळवलं होतं, त्याचं पत्र आलं. तुमची जोडलेली प्रत पाठवा, तिच्यावरून नव्या छापतो, आणि पोरीचं नाव कळवा, पाटीवर घालतो. हे 'केशरबाई' लिहायला लागले तर सासूबाईंनी हात धरला.

"ते लग्नात तुमच्या घरानं ठिवलेलं. घोड्यावर चांगुणा बसली व्हती."

ह्यांनीही हे नाव आजच ऐकलं.