वेणी काकूकडे

माय, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तुझी नात आता लग्नाची झाली. तरी तुझ्याशी भांडायचं राहिलंय, म्हणून लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे. येत असतं तर मी इतकं मोकळं लिहिलंच नसतं.

धुळ्याच्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते, हे तू गावभर सांगायचीस. पण शिकवते काय, ते कधी विचारलं नाहीस. व्यापाराचा धडा आला की मी दरवर्षी तुला आणि काकूला वर्गात उभं करायची. पुस्तकात दोन देश असतात, एकाचं कापड, दुसऱ्याचा गहू. पोरं जांभया देतात. मी म्हणायची, सोडा देश, एका घरात दोन जावा आहेत. थोरलीच्या हातचे मांडे असे, की लग्न निघालं की परगावचे लोक बोलवायला येतात. तिला वेणी मात्र घालता येत नाही. धाकटीला मांडा जमत नाही, वेणी बऱ्यापैकी जमते. मग थोरलीनं मांडे करावेत, धाकटीनं पोरीची वेणी घालावी, घराला दोन्ही मिळेल. याचं नाव निरपेक्ष लाभ. मांड्यांचं नाव काढलं की आपली खानदेशातली पोरं बरोबर जागी होतात.

माझा समजच तसा होता गं. बाबा गेल्यावर घर तुझ्या हातांवर आलं, आणि लग्नसराईत तू रोज कुणाच्या ना कुणाच्या दारी, चुलीवरच्या पालथ्या खापरासमोर. पुरणाचा उंडा हातावर घेऊन तू फिरवायला लागलीस की तो कोपरापर्यंत पसरायचा, पातळ, आरपार दिसेल इतका, आणि अलगद खापरावर पडायचा. बायका हातातली कामं सोडून बघत राहायच्या. मीही बघायची. पण सकाळी फणी घेऊन तुझ्यामागे आले की तू पदर खोचत म्हणायचीस, "काकूकडे जाय. माना हात मोकळा नही." काकू मायेची, खोटं कशाला बोलू? पण केस असे ओढायची की डोळ्यांत पाणी यायचं, आणि शाळेत पोचेपर्यंत वेणी सुटलेली. मी मनाला समजावलं, आपल्या मायला कणकेचं कळतं, केसांचं कळत नाही. असतात एकेक बायका तशा. हे समजून घेतलं की दुखायचं नाही.

मग ती अक्षय्य तृतीयेची आखाजी. मी पोरीला घेऊन माहेरी आलेली. तुझे खांदे गेले होते, खापर सुटलं होतं, आमरसासोबत त्या वर्षी दुसऱ्याच कुणाच्या हातचे मांडे होते. मी चहा घेऊन ओट्यावर येते तर काय, तू नातीला पुढ्यात घेऊन बसलीयस, तुझी बोटं तिच्या केसांत चालतायत आणि पोरगी सुखानं डोळे मिटून बसलीय. घट्ट, सरळ, चापूनचोपून घातलेली वेणी. नंतर ती दिवसभर झोक्यावर होती, एक बट सुटली नाही. मी विचारलं, "माय, तुला येतं हे?" तू वरसुद्धा बघितलं नाहीस. "येस ना. तुनी काकूपेक्षा चांगलं येस. पन मांडा तिले कुठे येस?"

अगं, हा तर पुढचा धडा! तुलनात्मक लाभ. दोन्ही कामं एकीलाच चांगली येत असली, तरी तिनं दोन्ही करू नयेत. एक काम करताना दुसरं काय बुडतं, ते बघायचं. तुझी सकाळ माझ्या वेणीत गेली असती तर एका लग्नाचे मांडे बुडाले असते. काकूची सकाळ गेली तर बुडाले काय, तिचे चार फाटके मांडे. म्हणून वेणी काकूकडे. तू हे कुठल्याही वर्गात न बसता केलंस, आणि मी एवढी शिकलेली बाई, वर्षानुवर्षं तुला चुकीच्या धड्यात घालून बसले होते.

आता बरोबर शिकवते. मागे एका मुलीनं विचारलं, "म्हणजे सगळ्यांचा फायदाच झाला ना, मॅडम?" झालाच की. घर चाललं, काकूची पोरं जेवली, मी कॉलेजात गेले. हिशेब कुठंच चुकत नाही, आणि म्हणूनच जीव जळतो, माय. चुकला असता तर तुझ्यावर रागावता तरी आलं असतं. तुला येतच नसतं तर मी काही गमावलंच नसतं. तुला येत होतं. रोज सकाळी तुझे हात शिवशिवले असतील आणि तू ते पाठीमागे घेतले असशील, हे आता कळतं, आणि फळ्याकडे तोंड करून मला उभं राहावं लागतं.

त्या आखाजीला नातीची वेणी झाल्यावर तू मला म्हणालीस, "ये, बस. तुनी बी घाली देस." मी बसले. पण कॉलेज, घर, एसटीची धावपळ, यात मी केस मानेपर्यंत कापून टाकले होते. तुझा हात मानेवर आला, जरा घुटमळला. "ऱ्हाऊ दे," म्हणालीस आणि फणी पुसायला लागलीस. पुढच्या आखाजीला तू नव्हतीस.

पत्र टाकायचं कुठं? फणीच्या डब्यात ठेवून देते. त्यानंतर मी केस कापले नाहीत. पार पांढरे झाले, कमरेला लागतात. पोरगी म्हणते, या वयात कशाला गं हा भार? मी म्हणते, सवय. सवय कसली, कप्पाळ माझं. पुढच्या आखाजीला तुझ्यापुढे बसायचं म्हणून वाढवायला घेतले होते.