माझ्या मुंग्या वहिनीच्या स्वाधीन

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, अविवाहित, आयुष्यभर मुंग्यांचा अभ्यास केलेली बाई, पूर्ण शुद्धीवर असताना हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत आहे. भावाला तो खोटा वाटला तर त्याने स्वतःचे तपासून घ्यावे.

१. स्वकष्टाचे हे घर आणि मागची प्रयोगशाळा माझ्या वहिनीला, म्हणजे थोरल्या भावाच्या बायकोला द्यावी. भाऊ तिथे घुसलाच, तर त्याला बाहेर काढण्याचा हक्क तिचा.

२. सूक्ष्मदर्शक आणि मुंग्यांच्या पेट्याही तिलाच. कारण सांगते. तांबड्या मुंगीची जात एकच, असे सांगून भावाने नाव कमावले. दिसायला त्या सारख्याच. मी अळ्यांचे मेंदू काचपट्टीवर दाबून गुणसूत्रे मोजली. नदीकाठच्या मुंगीत अठरा, डोंगरावरचीत सव्वीस. मधला आकडा कुठेच नाही, म्हणजे दोघींचा संकर होत नाही.

"दादा, या दोन जाती आहेत. तूच मोजून बघ," मी म्हटले.

त्याने मोजले. परत मोजले. मग माझा उजवा हात टेबलावर दाबून लोखंडी स्टँडने ठेचला. "आता मोज! मोज ना!" तीन बोटे गेली. मी डाव्या हाताने स्टूल उचलून त्याच्या तोंडावर घातले, जबडा मोडला. त्याचे मला आजही वाईट वाटत नाही. तरी तो उठला आणि पेट्यांत उकळते पाणी ओतू लागला. वहिनी आडवी आली. दंड सोलून निघाला, पण डोंगरावरच्या मुंग्यांची पेटी तिने छातीशी धरली ती सोडली नाही.

ती नवऱ्याकडे परत गेलीच नाही. काचपट्टी दाबायला अंगठ्यात जोर लागतो. तेव्हापासून अंगठा तिचा, डोळा माझा. पुढे डोळाही तिचाच झाला. "वन्सं, सव्वीसच हो," ती म्हणायची आणि चुकायची नाही.

३. सर्व काचपट्ट्या संग्रहालयाला. "तू मेलीस की त्या काचांचा चुरा करतो," असे भाऊ परवाच दारात बोलून गेला. त्या सुखरूप पोचेपर्यंत माझ्या मरणाची बातमी त्याला कळवू नये. अंत्यविधी त्याच्यावाचून उरकावा.

४. भावाला काहीही नाही.

हे मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहिले आहे. सही करतेवेळी भाऊ बाहेरून दारावर कुऱ्हाडीचे घाव घालत होता, ते दोन्ही साक्षीदारांनी ऐकले. पोलीस निघाले आहेत. सही ते पोचण्याआधीची.

सही (डाव्या हाताची)

साक्षीदार: हाडांचे डॉक्टर, शेजारची शिंपीण

दिनांक: ३ मार्च

ठिकाण: प्रयोगशाळा, दाराला आतून कपाट लावून.