गुळातली अर्धी गोळी

१२ जून २००४
लागली बाई नोकरी, प्रयोगशाळेत! अंबडहून सकाळच्या एसटीनं आल्ते, पाच वर्षांच्या द्वारकीला घेऊन. मस्तगडात खोली मिळाली, नळ दारातच. मार्तंड सर अर्धशिशीची गोळी उंदरांना देतात आणि त्यांच्या मेंदूत दुखण्याची जनुकं किती जागी होतात ते बघतात. मी फक्त उंदराच्या कपाळाला बारीक दोरा टेकवायचा, दचकला की वहीत लिहायचं. हसूच आलं मला. हे काय काम झालं!

२० जून
माझी अर्धशिशी बाळंतपणापासूनची. आज सरांच्या कपाटातल्या दोन गोळ्या गुपचूप घेतल्या. अर्ध्या तासात डोकं मोकळं! द्वारकीचंही डोकं दुखतं, तिला गुळात अर्धी दिली. आमच्यात एकाला गोळी लागू पडली की घरात सगळ्यांना तीच. आता रोज घेणार दोघी.

९ जुलै
गोळी न दिलेले उंदीर दोऱ्याखाली खुशाल झोपतात. रोज गोळी खाणारे नुसता दोरा टेकला तरी किंचाळतात. सर म्हणाले, रोजच्या गोळीनं ती जनुकं जागीच राहतात, साधा स्पर्शही दुखतो. सगळं कबूल केलं. सर रागावले न्हाईत. म्हणाले, बंद करू नका, माणसाचे आकडे मिळत नसतात.

१३ जुलै
बंद केल्त्या. दोनच दिवस. डोकी फुटायची वेळ आली दोघींची. मंग परत घेतल्या.

२१ जुलै
वेणी घालताना द्वारकी ओरडली. रडत माझ्या गालाला बिलगली— विस्तवच लागला. ढकललं मी तिला. भिंतीवर आदळलं लेकरू. हात झडो माझा.

२६ जुलै
सरांनी दोघींच्या कपाळाला दोरा लावला. लेक जास्त दचकते म्हणून खूश झाले. डबाभर गोळ्या दिल्या. मुडद्याच्या तोंडावर थुंकायला पाहिजे होतं. डबा घेऊन आले.

२९ जुलै
दुपार. डबा रिकामा. द्वारकी म्हणती, सगळ्या खाल्ल्या, आता न्हाई दुखणार, आता घे जवळ. शेजारीण रिक्षा आणायला पळाली. सरांना फोन केला— म्हणाले, किती वाजता खाल्ल्या, कधी काय झालं, लिहून ठेवा.
एक वीस. डोळे मिटून राह्यली.
एक पंचवीस. हाक मारली. बोलत न्हाई.
मांडीवर घेतली. आग होती सगळ्या अंगाची, होऊ दे. गालाला गाल लावला. ती दचकली न्हाई. पुन्हा लावला— द्वारके, ओरड की ग, एकदा तरी ओर—