पुलाची तारीख

२७ डिसेंबर
लागली! ग्रेलीसची तारीख लागली!! सतरा जानेवारी, मातामोरोसचा पूल – पलीकडे अमेरिका, तिथे आसरा मागायला जायचं. अख्खी छावणी गोळा झाली. पोरगी नाचतेय, मी वेड्यासारखी हसतेय.

पण फक्त तिचीच. माझ्या फोनवर, अर्जाच्या ॲपात, रोजचा तोच निरोप – उद्या पुन्हा या. आमचाच दीडशहाणपणा! दोघींनी वेगवेगळे अर्ज भरले, म्हणजे नशीब दुप्पट. इथे सगळ्या मायलेकी हेच करतात. एकत्र भरला असता तर एकदमच गेलो असतो ना! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

२८ डिसेंबर
"तुझ्याशिवाय नाही जाणार." सकाळपासून तोच हेका.
"आपल्या गावी, माराकाइबोत, त्या गुंडांनी दुकानात येऊन तुझं नाव घेतलं होतं, माझं नाही. एकोणीस वर्षांची घोडी झालीस, गपचूप जा!"
रडली. मग मीही.

३१ डिसेंबर
माझीही लागली!!! एकवीस जानेवारी!
शेजारच्या तंबूतले एलेउतेरिओकाका म्हणाले, "वीसला तिकडे नवं सरकार येतंय बाई, जपून."
"जळो तुमची जीभ! सरकारने दिलेली तारीख आहे काका, न्हाव्याने दिलेली नाही."
मी स्वतः न्हावीण असून हे बोलले! हसून हसून पुरेवाट.

९ जानेवारी
तारीख लागलेला प्रत्येक जण माझ्याकडे केस कापून जातो – पलीकडच्या फोटोत माणसात दिसायला हवं. आज एलेउतेरिओकाकाही येऊन बसले. तारीख नाही, केसही नाहीत. "लागलीच तर तयार असावं." टकलावरून कात्री वाजवली, झालं!

१७ जानेवारी
गेली. फाटकापाशी सारखी मागे वळून बघत होती.
"पुढे बघ गं, आपटशील!"
परत येऊन केळ्याची मांदोका, आमच्याकडची गोड कडी, तळली, सगळ्यांना वाटली. माझ्या वाटची काकांना दिली.

१९ जानेवारी
ग्रेलीस नदीपलीकडेच आहे, माझ्या मावसबहिणीकडे. "आई, नळाला गरम पाणी येतं!" फोनवर नुसती किलबिल.
तंबू, कढई, पांघरुणं वाटून टाकली. जाणाऱ्याने मागे काही ठेवायचं नाही, अशी इथली रीत. आज रात्री काकांच्या तंबूत पाहुणी.

२० जानेवारी
दुपारी सगळ्यांचे फोन एकदम वाजले. तारखा रद्द. सगळ्यांच्याच. फाटकावरचा शिपाई वर बघेना, "नवीन तारीख नाही बाई, घरी जा."
तेवढ्यात ग्रेलीसचा फोन. "आई, उद्या काय घालतेस? मी पुलापाशी येणार, गर्दीत ओळखायला हवीस."
म्हटलं, निळा झगा.