चाळीस घरांसाठी एक छत

३ मार्च, सकाळी ७
वसाहतीच्या सामूहिक सोलरसाठी छत निवडायचं काम एकमताने माझ्याकडे. दुसऱ्या कोणी हात वर केला नाही, हा तपशील. एका छतावरून चाळीस घरांना वीज. अर्ज महिनाअखेर. आठवड्यात उरकतो.

६ मार्च
शाळा बाद. सिमेंटचे पत्रे. योजनेच्या इंजिनिअरबाई म्हणाल्या, पॅनेल सोडा, यांच्यावर कबूतर बसलं तरी मला धास्ती वाटते.

९ मार्च
दवाखान्यावर दुपारी दोनपासून टाकीची सावली. सूर्य जरा सरकला असता तर उत्तम छत होतं.
बायको म्हणाली, तुमच्या दादांचं छत बघितलंत का? म्हटलं, बघितलं नाही, पण तांत्रिकदृष्ट्या बसत नाही.

१३ मार्च
वाचनालय पक्कं, पण निम्मं झाडाखाली. बाईंनी पलीकडे बोट दाखवलं. ते मोकळं, सपाट छत कोणाचं? म्हटलं, हट्टी माणूस आहे, देणार नाही. म्हणाल्या, विचारलंत का? मी विषय बदलला.
दादाशी अकरा वर्षं बोलणं नाही. राग अजिबात नाही. आईच्या आजारपणात तो जे बोलला ते मी केव्हाच विसरलो. म्हणाला होता, तू नुसता भेटायला येतोस. मंगळवार होता.

२२ मार्च
उद्या दादाकडे जाणार. निव्वळ कामासाठी.

२३ मार्च
पाठ धरली.

२४ मार्च
ढगाळ. छत बघायला ऊन हवं.

२७ मार्च, संध्याकाळी ५
गेलो. वहिनींनी दार उघडलं, बघतच राहिल्या. मग आत हाक मारली, अहो, धाकटे आलेत.
दादा वाकलाय. म्हटलं, छत बघायचंय. काही न विचारता वर घेऊन गेला. छतावर कुठेही सावली नाही. योजना सांगितली. म्हणाला, अरे, दिलं असतं की. पण घर विकलं, परवाच सह्या झाल्या. नवा मालक वर मजला चढवणार. आम्ही रविवारी लेकीकडे निघतोय, कायमचं.
म्हटलं, मला कळवायचं तरी. म्हणाला, कुठून सुरुवात करायची तेच कळेना.

३१ मार्च, रविवार
योजना शेजारच्या वसाहतीला गेली. अहवालात ‘योग्य छत आढळले नाही’ असं मीच लिहिलं. समितीने आभार मानले.
सकाळी दादाचं सामान भरायला गेलो. कपाटाचं एक टोक त्याने धरलं, एक मी. जिन्यात तो म्हणाला, डावीकडे घे. मी घेतलं. ट्रक गेला.
बायकोने विचारलं, काय बोललात दोघं? म्हटलं, कपाट जड होतं.